अमावस्येला शांत राहणारं नेटवर्क

सुनंदा सिस्टर स्क्रीनवर थिजल्या, तेव्हा त्यांचा एक हात बाळंतिणीच्या पोटावर होता. बाळ नीट होतं, कोपऱ्यात रडत होतं. पण आईचं रक्त थांबत नव्हतं. इकडे नगरच्या आमच्या दवाखान्यात डॉ. बोऱ्हाडे मॅडम स्क्रीनसमोर बसून एकेक सूचना देत होत्या. पोट दाबून धरा, सोडू नका, आता दुसरं इंजेक्शन काढा. एवढं बोलून झालं आणि चित्र अडकलं. आवाजही गेला.

मी त्यांच्या मागेच उभी होते. नेटवर्क तुटतं अशी तक्रार होती, म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. मी मनात सेकंद मोजले, अकरा भरले. बोऱ्हाडे मॅडम त्या थिजलेल्या चित्राशी बोलतच राहिल्या.

चित्र परत हललं. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुमचा आवाज गेला होता. पण दिलं मी इंजेक्शन." पंधरा-वीस मिनिटांनी रक्त थांबलं. बाई वाचली.

बोऱ्हाडे मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या.

"शेख मॅडम, आज सिस्टरला माहीत होतं म्हणून निभावलं. उद्या तिथे नवी मुलगी असेल. महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर मी ही सेवा बंद करणार. अर्धवट दिसणाऱ्या डॉक्टरपेक्षा डॉक्टर नसलेला बरा. निदान लोक वेळेत गाडी तरी काढतील."

गाडी काढणं म्हणजे काय, ते सांगते. सिस्टरचं केंद्र कर्जत तालुक्याच्या पार टोकाला आहे. तिथून नगरला यायला दोन तास लागतात, तेही रस्ता मोकळा असला तर. रक्त जात असलेल्या बाईकडे दोन तास नसतात. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे आमची अशी नऊ केंद्रं आहेत. तिथे नर्स असते, डॉक्टर स्क्रीनवर असतो. ती स्क्रीन चालू ठेवणं हे माझं काम. बावीस वर्षं मी नेटवर्क इंजिनिअर आहे, पण माझ्या कामामुळे कुणी मरू शकतं हे त्या अकरा सेकंदांत पहिल्यांदा कळलं.

आता थोडं नेटवर्कबद्दल. घाबरू नका, सोपं आहे.

आमच्या ट्रस्टचे दवाखाने, कॉलेजं आणि शाळा जिल्हाभर पसरलेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी एक राउटर आहे. राउटर म्हणजे नाक्यावर उभा असलेला वाटाड्या. आलेली माहिती पुढे कोणत्या रस्त्याने धाडायची, हे तो ठरवतो. असे आमचे एकशे बारा वाटाडे आहेत आणि त्यांना कुणी साहेब नाही. प्रत्येकाकडे सगळ्या जिल्ह्याचा नकाशा असतो. कुठे एक रस्ता बंद झाला, की तिथला राउटर शेजाऱ्याला सांगतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. क्षणात बातमी एकशे बारा जणांपर्यंत पोचते. मग प्रत्येक जण आपापल्या जागेवरून सगळे जवळचे रस्ते नव्याने मोजतो. याला आम्ही रूट रिकॅल्क्युलेशन म्हणतो. मी नोकरीला लागले तेव्हा हे पुस्तकात वाचून थक्क झाले होते, आणि खरं सांगायचं तर अजूनही होते. एवढा मोठा जिल्हा, कुणी हुकूम देत नाही, आणि तरी सगळ्यांचा नकाशा एकच.

गडबड होते ती ही मोजणी सारखी सारखी व्हायला लागली की. मोजणी चालू असते तोवर माहिती रस्त्यात अडखळते. शिवाय राउटर शहाणे असतात. बातम्या फारच यायला लागल्या, की ते म्हणतात, थोडं थांबू, सगळ्या बातम्या येऊ दे, मग एकदाच मोजू. हे थांबणं एरवी चांगलं. पण सिस्टरचा हात बाळंतिणीच्या पोटावर असताना ते अकरा सेकंदांचं होतं.

प्रत्येक राउटरमध्ये एक काउंटर असतो. आजवर किती वेळा रस्ते नव्याने मोजले, तो आकडा तिथे दिसतो. धडधाकट नेटवर्कमध्ये तो दिवसाकाठी एक-दोनदा हलावा. आमचा, मी बघत होते तेव्हा, दर दहा-पंधरा मिनिटांनी हलत होता.

आमचे आयटी प्रमुख गाडे सर. माणूस सरळ, पण दिवे बघून समाधान मानणारा. आमच्या मोठ्या स्क्रीनवर जिल्ह्याचा नकाशा आहे आणि प्रत्येक लिंकला, म्हणजे दोन राउटरांमधल्या रस्त्याला, एक दिवा आहे. लिंक चालू तर हिरवा, बंद तर लाल. सरांनी मला तिथे नेलं आणि सगळं हिरवं असल्याचं दाखवलं. मी म्हटलं, सर, ही स्क्रीन पाच मिनिटांनी एकदा डोकावते. मधे दोन सेकंदांसाठी कुणी पडून उठलं तर तिला काय कळणार? सरांनी राउटर पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांच्या इंजिनिअरने मोजणी खूप होते एवढं ऐकून सांगितलं, की सॉफ्टवेअर जुनं आहे, एकशे बाराच्या एकशे बारा राउटरवर नवं चढवा. म्हणजे महिनाभराचं काम, आणि प्रत्येक ठिकाणी सेवा बंद ठेवून. आमच्याकडे महिनाही नव्हता.

सरांना तो उपाय पटला. मला पटला नाही, पण माझ्याकडे दुसरा नव्हता.

मग मी त्या मोठ्या स्क्रीनच्या नोंदींतून काउंटरचे मागच्या तीन महिन्यांचे आकडे घेऊन आलेख काढला. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, आपणच काहीतरी चुकलो. रोज दोन उंचवटे दिसत होते, एक सकाळी सहा ते नऊ आणि एक संध्याकाळी सहाच्या आसपास. मधला सगळा दिवस सपाट, आणि रात्र त्याहून सपाट. गाडे सर म्हणाले, त्या वेळी लोक नेट जास्त वापरत असतील. पण आमची कॉलेजं सकाळी सहाला उघडत नाहीत, आणि रविवारीही उंचवटे तसेच होते. नाताळच्या सुट्टीतलेही आकडे मी बघितले. तेव्हाही तसंच.

आणखी एक गोष्ट होती. त्या तीन महिन्यांत तीन दिवस असे होते, की दोन्ही उंचवटे गायब होते. दिवसभर सगळं नेटवर्क चिडीचूप.

त्या तीन तारखा मी कागदावर लिहिल्या आणि दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. त्यांत वार सारखा नव्हता, सुट्टी सारखी नव्हती, वीज गेल्याची नोंदही नव्हती. रमजान सुरू होता. संध्याकाळी रोजा सोडून झाल्यावर सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, यंदा चांद कधी दिसला होता त्यावरून कुणाशी तरी फोनवर वाद घालत होत्या. त्यांनी तारीख सांगितली आणि माझा हात पर्सकडे गेला. तिसरी तारीख चांद दिसायच्या आदल्या दिवसाची होती. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्या चौकटीत काळा गोल छापलेला होता. उरलेल्या दोन्ही चौकटींतही तोच.

तिन्ही दिवशी अमावस्या होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडे सरांना हे सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "शेख मॅडम, रिपोर्टमध्ये अमावस्या लिहू का मी? ट्रस्टी लिंबू-मिरची मागवतील."

"सर, सॉफ्टवेअरला अमावस्या कळत नाही," मी म्हटलं. "विजेलाही कळत नाही. ती फक्त माणसांना कळते. कुठेतरी माणसं रोज सकाळ-संध्याकाळ काहीतरी करतात, आणि अमावस्येला करत नाहीत."

सर हसायचे थांबले. दोन दिवस घ्या म्हणाले.

आता लिंक शोधायची होती. प्रत्येक राउटर आपली रोजनिशी लिहितो, अमुक वाजता अमुक लिंक पडली. पण आमच्या राउटरांची घड्याळंच कुणी कधी जुळवली नव्हती. कुणी दोन वर्षं मागे, तर कुणी पाच तास पुढे. एकशे बारा जणांची साक्ष काढायची आणि प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतोय, अशी गत. ही चूक माझीच. घड्याळं जुळवायचं काम मी स्वतः कित्येक वर्षं पुढच्या आठवड्यावर ढकलत आले होते. ते अर्ध्या दिवसात झालं. केल्यावर स्वतःचा राग आला.

पुढच्या सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी पारनेरच्या राउटरने लिहिलं, श्रीगोंद्याकडून येणारा प्रकाश गेला. त्याच सेकंदाला श्रीगोंद्याच्या राउटरने लिहिलं, पारनेरकडून येणारा प्रकाश गेला. दोन सेकंदांनी दोघांनीही लिहिलं, आला. सकाळभरात हे तेरा वेळा झालं.

फायबरमधून प्रकाश जातो, हे तुम्ही ऐकलं असेल. पारनेर आणि श्रीगोंद्याच्या मधे जमिनीखालून आमची फायबर केबल आहे. ती तुटली तर दोन सेकंदांत स्वतःची स्वतः जुळत नाही. दोन्ही टोकांचे राउटर वर्षभरात एकदाही बंद पडले नव्हते. म्हणजे काय ते मधे होतं. पण माझ्या नकाशावर मधे काहीच नव्हतं, नुसती एक सरळ रेघ.

केबलचं काम बघणाऱ्या ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, लाइन एकदम क्लीन आहे, गेल्या महिन्यात दोनदा तपासली. कधी तपासली विचारलं, तर दोन्ही वेळा दुपारी. आमचे सगळेच लोक नाश्ता करून निघतात आणि पाचच्या आत परत येतात. बिघाड नेमका त्या वेळात झोपलेला असायचा. मधे काही यंत्र आहे का, असं मी खोदून खोदून विचारलं.

"यंत्र असं काही नाही मॅडम. एवढ्या लांब प्रकाश एका दमात पोचत नाही ना, म्हणून हिवरटेकला दोन कन्व्हर्टर बसवलेत. डब्या आहेत छोट्या. एकीकडून प्रकाश घेतात, दुसरीकडे जोर लावून देतात. आठ वर्षं झाली, कधी बघावं लागलं नाही."

"हिवरटेकला कुठे?"

"दूध डेअरीत."

मी फोन ठेवला आणि गाडी सांगितली. गावाचं नाव मी इथे बदललं आहे, कारण पुढे जे झालं त्यात गावाचा काही दोष नाही.

साडेचारला पोचले. डेअरी म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. दाराशी वजनकाटा, टेबलावर फॅट मोजायचं मशीन, आत दूध थंड करायच्या दोन मोठ्या टाक्या. त्यांना तिथे कूलर म्हणतात. डेअरीचे सेक्रेटरी किसन आबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि कन्व्हर्टर कुठे आहेत विचारलं. आबांनी वर फळीकडे बोट केलं. पावती पुस्तकांच्या गठ्ठ्यामागे, धुळीनं माखलेल्या दोन डब्या. प्रत्येकीवर हिरवा दिवा. एकशे बारा राउटरांच्या नकाशात ज्याला नंबर नाही, नाव नाही, अशी ही गोष्ट.

मी गाडे सरांना फोन लावून काउंटर उघडून बसायला सांगितलं आणि फोन चालूच ठेवला.

साडेपाचनंतर माणसं यायला लागली. सायकलला, मोटरसायकलला किटल्या लावून, कुणी चालत. दूध मोजलं, फॅट काढलं, कोमट दूध टाकीत पडलं. थोड्या वेळाने टाकीच्या मागून धडधड सुरू झाली. ट्यूबलाइट मंदावली. फळीवरचे दोन्ही हिरवे दिवे विझले. मी श्वास घ्यायच्या आत परत लागले.

"पडली," फोनमधून गाडे सर म्हणाले. "पारनेर एकाने वाढलं. श्रीगोंदा वाढलं. कर्जत, जामखेड." ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, अकोलेसुद्धा वाढलं."

अकोले जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत. तिथल्या शाळेच्या कपाटातल्या राउटरला हिवरटेकच्या गाईंचं दूध टाकीत पडल्याची खबर मिळाली होती आणि त्याने सगळ्या जिल्ह्याचे रस्ते पहिल्यापासून मोजायला घेतले होते. टाकी थंड झाली की मोटर थांबे. नवं कोमट दूध आलं की पुन्हा सुरू होई. दर वेळी दिवे विझत आणि दर वेळी एकशे बारा ठिकाणी मोजणी होई. तीन महिन्यांचा जो आलेख मी काढला होता, त्यात या गावाच्या धारा काढायची वेळ उमटली होती. मी इतकी वर्षं हे काम करते, पण असं काही बघितलं नव्हतं.

मग मी आबांना अमावस्येचं विचारलं.

"अवसेला डेरी बंद असती," ते म्हणाले. "अवसेचं दूध आमी इकत न्हाई. त्या दिशी वासराला पोटभर पिऊ द्यायचं. ऱ्हायलं तर पोराबाळांना. आज्यापासनं चालत आलंय."

म्हणजे महिन्यातून एक दिवस वासरं पोटभर पीत होती, आणि त्या दिवशी माझे एकशे बारा राउटर विश्रांती घेत होते. हे मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, काळजी होती.

"मंग आता कूलर बंद करा म्हनता का काय? दूध नासंल, बाई. दीडशे घरांचं दूध हाय ह्ये."

मी म्हटलं, कूलरला हात लावायचा नाही. फक्त या डब्यांना वीज कुठून येते ते बघू.

वायर धरून गेले, तर ती कूलरच्याच बोर्डवर होती. मोटर सुरू होताना सगळी वीज ओढून घेई आणि दोन सेकंद डब्यांना काही उरत नसे. बाजूलाच इन्व्हर्टरचा बोर्ड होता, लाइट गेली तरी चालणारा. डब्या तिथे का नाहीत, असं विचारलं.

आबांनी काही लपवलं नाही. बसवल्यापासून त्या तिथेच होत्या. गेल्या उन्हाळ्यात लाइट सारखी जायला लागली. लाइट गेली की फॅटचं मशीन मधेच बंद पडे, पुन्हा सुरू केलं की आकडा थोडा वेगळा येई, आणि लोक शंका घेत. डेअरीत सगळा कारभार त्या आकड्यावरच्या विश्वासावर चालतो. इन्व्हर्टरच्या बोर्डवर जागा एकच. म्हणून आबांनी डब्यांची पिन काढून पलीकडे लावली आणि मशीन इकडे घेतलं.

"दिवं तर हिरवंच हुतं की," ते म्हणाले. "मला वाटलं, चालू हाय."

हिरवा दिवा बघून समाधान मानणारे ते एकटे नव्हते.

मी गाडीतून एक्स्टेंशन बोर्ड आणला. फॅटचं मशीन आणि दोन्ही डब्या, सगळं इन्व्हर्टरवर लावलं. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात आबांनी घड्याळ बघितलं आणि मला स्टुलावर बसायला सांगितलं. मला रोजा असणार, हे माझं आडनाव ऐकल्यापासून त्यांच्या लक्षात होतं. दूध घालून बाहेर वळचणीला उभ्या असलेल्या तांबोळी चाचांकडून त्यांनी रोजा सोडायची वेळ विचारून ठेवली होती. मी पर्समधून खजूर काढला. आबांनी पेला भरून दूध पुढे केलं. रोजा सोडला तो तिथेच, कूलरच्या धडधडीत. ट्यूबलाइट मंदावली. हिरवे दिवे तसेच राहिले.

फोनवर गाडे सर म्हणाले, "काही नाही मॅडम. काउंटर जागेवर आहे."

आबांना मी विचारलं, या डब्या कशाच्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? त्यांनी मान हलवली. कुणीतरी आलं, फळीवर ठेवून गेलं, भाडं ठरलं तेवढं येतं. मग मी सांगितलं. कर्जतकडच्या बाळंतिणीचं, सिस्टरच्या हाताचं, अकरा सेकंदांचं. आबांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग त्या डब्यांवरची धूळ स्वतःच्या उपरण्यानं पुसली.

"आमाला सांगायचं हुतं, बाई," ते म्हणाले. "जिवाचं काम हाय म्हनून ठाव असतं, तर मी हात लावला असता व्हय?"



पुढच्या दहा दिवसांत काउंटर तीनदा हलला. तिन्ही वेळा कारण माहीत होतं. त्या दहा दिवसांतच एका संध्याकाळी, बरोबर धारांच्या वेळी, सुनंदा सिस्टरकडे आणखी एक अवघड बाळंतपण आलं. बोऱ्हाडे मॅडम चाळीस मिनिटं स्क्रीनवर होत्या. या वेळी मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी जाऊन मागे उभी राहिले. चित्र एकदाही अडकलं नाही. शेवटी सिस्टरनी मुलीला स्क्रीनजवळ आणून दाखवलं. बोऱ्हाडे मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि मागे न बघता म्हणाल्या, "सेवा चालू राहील, शेख मॅडम." मला रडू आलं. त्यांनी बघितलं नाही, किंवा बघितलं नाही असं दाखवलं.

महिनाअखेरीला रिपोर्ट लिहायचा होता. आमच्याकडे त्याचा छापील नमुना आहे. बिघाड काय, कुठे, किती दिवस, उपाय काय. शेवटचा रकाना मूळ कारणाचा. गाडे सरांनी तिथे 'विजेच्या दाबातील चढउतार' असं लिहून कागद माझ्याकडे सहीला पाठवला. लिहिलेलं खोटं नव्हतं. ट्रस्टींनाही ते लगेच पटलं असतं. पण मी ते खोडलं आणि खाली लिहिलं, 'ज्यांच्या जागेत यंत्र ठेवलं, त्यांना ते कशाचं आहे हे आम्ही सांगितलं नव्हतं.' सरांनी ते दोनदा वाचलं आणि खाली स्वतःची सही केली.